जीन तोच, जोडणी वेगळी: एक्झॉन गाळणं कुठं रोग असतं आणि कुठं औषध

२०२५ च्या ऑक्टोबरात रिसडिप्लाम या औषधाची बातमी सगळीकडं फिरली. एसएमए नावाच्या आजारावरचं हे औषध, एक बाटली सहा लाखांच्या घरात, आणि त्याचं भारतात बनलेलं जेनेरिक कोर्टानं अडवलं नाही, त्यामुळं बाटली १५,९०० रुपयांना मिळणार. बातमी आली त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या मावसबहिणीचा फोन, "दादा, ते औषध स्वस्त झालंय म्हणं, आपल्या पोराला चालंल का रे?"

तिच्या पोराला एसएमए नाही, डुशेन आहे. दोन्हीत पोरांचे स्नायू जातात पण आजार वेगळे. हे मी तिला सांगितलं, तर तिनं पोराच्या जेनेटिक रिपोर्टचा फोटो पाठवला आणि मागोमाग दुसरा फोटो, त्यांच्या गल्लीतल्या एका काकांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टचा. दोन्ही कागदांवर एक्झॉन हा शब्द, म्हणजे जीनमधला एक तुकडा. काकांच्या रिपोर्टवर लिहिलेलं, 'मेट एक्झॉन १४ स्किपिंग'. आणि पोराच्या बाबतीत इंटरनेटवर वाचलेलं की डुशेनचं औषध म्हणजे एक्झॉन स्किपिंग. तिचा प्रश्न असा, की काकांना एक्झॉन गाळल्यामुळं कॅन्सर झाला आणि पोराला एक्झॉन गाळून बरं करणार, हे कसं काय?

इतका बरोबर प्रश्न मला वर्गातही फारसा कुणी विचारलेला नाही. मी डॉक्टर नाही, कॉलेजात बायॉलॉजी शिकवतो. तिला फोनवर दीड तास जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण असे रिपोर्ट हातात घेऊन बसलेली घरं बरीच आहेत.

आधी त्या पोराबद्दल

पोरगं चार वर्षांचं असताना त्याच्या पोटऱ्या अशा भरलेल्या दिसायच्या की येणारा जाणारा म्हणायचा, हा पैलवान होणार, तालमीत घाला याला. कोल्हापुरात पोराच्या पोटऱ्या बघून दुसरं काय सुचणार. पण तेच पोरगं जमिनीवरून उठताना आधी पालथं व्हायचं, मग ढुंगण वर, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राहायचं. जिन्यावर कठडा धरल्याशिवाय पाऊल नाही. दाखवलं तिथं कॅल्शियम कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि त्यात दीड वर्ष गेलं, मला आजही त्या दीड वर्षाचा त्रास होतो. मग एका डॉक्टरांनी सीपीके नावाची साधी रक्ततपासणी केली, जो आकडा दोनशेच्या आतबाहेर असायला पाहिजे तो हजारोंत निघाला. स्नायू फाटून त्यातला माल रक्तात सांडत होता. त्या भरलेल्या पोटऱ्यांत स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू साठत होते.

डुशेन बहुतेक मुलग्यांनाच होतो. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रोटीन त्यांच्या अंगात तयार होत नाही. ही एक साखळी समजा, दोन्ही टोकांना आकडे आणि मध्ये २४ कड्या. एक आकडा स्नायूपेशीच्या आतल्या सांगाड्यात अडकतो, दुसरा पेशीच्या भिंतीला. स्नायू आखडला, सैल झाला की भिंतीला बसणारा झटका ही साखळी झेलते. साखळी नसली की साधं चालणंसुद्धा भिंतीला चिरा पाडतं.

रीळ, कात्री आणि सिमेंट

आता जीन. जीन म्हणजे एक प्रोटीन कसं बनवायचं याची डीएनएत लिहिलेली कृती. ती सलग लिहिलेली असणार असंच सगळ्यांना वाटत होतं. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना सर्दीच्या एका विषाणूत दिसलं की कृती तुकड्यातुकड्यांत आहे, मध्येमध्ये लांबच लांब मजकूर आहे जो शेवटी वापरलाच जात नाही. १९९३ मध्ये दोघांना त्यासाठी नोबेल मिळालं.

कोल्हापूरकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्या गावानं पिक्चर बनताना बघितलेत. बाबूराव पेंटरांपासून जयप्रभा, शालिनी स्टुडिओपर्यंत. माझे एक चुलत आजोबा स्टुडिओत संकलकाच्या हाताखाली होते, ते सांगायचे की मूळ निगेटिव्हला कुणी हात लावायचा नाही, ती जपून ठेवायची. तिच्यावरून एक प्रिंट काढायची आणि कापाकापी करायची ती त्या प्रिंटवर. ग्रीज पेन्सिलनं खूण करायची, नको ते कापायचं, उरलेल्याची टोकं खरवडून फिल्म सिमेंटनं चिकटवायची. त्या जोडाला स्प्लाइस म्हणायचे.

पेशीत हुबेहूब हेच चालतं आणि शब्दसुद्धा तोच आहे, स्प्लायसिंग. डीएनए ही निगेटिव्ह. त्याची काढलेली प्रिंट म्हणजे आरएनए. प्रिंटमधले ठेवायचे तुकडे ते एक्झॉन, कापून टाकायचे ते इंट्रॉन. ग्रीज पेन्सिलची खूणही आहे, जवळजवळ प्रत्येक इंट्रॉन त्याच दोन ठरलेल्या अक्षरांनी सुरू होतो आणि दुसऱ्या ठरलेल्या दोन अक्षरांनी संपतो. कापणारं यंत्र पाच छोटे आरएनए आणि शंभरावर प्रोटीनं मिळून बनतं, त्याला आपण इथून पुढं कात्रीच म्हणू.

डिस्ट्रॉफिनचा जीन हा माणसातल्या सगळ्यात लांब जीनांपैकी एक, साधारण २२ लाख अक्षरं. त्याची एक प्रिंट काढायलाच पेशीला १६ तासांच्या आसपास लागतात. आणि कापून जोडून झाल्यावर शिल्लक किती, तर ७९ एक्झॉन मिळून १४ हजार अक्षरं. दीडशे फूट शूट करायचं आणि फूटभर ठेवायचं, आणि त्यात एकही जोड चुकायचा नाही.

एका निगेटिव्हवरून किती पिक्चर

माणसात प्रोटीनं बनवणारे जीन २० हजारांच्या आसपास आहेत. मातीत राहणाऱ्या एक मिलिमीटरच्या कृमीतसुद्धा जवळपास तेवढेच. मग फरक कशानं, तर बराचसा कात्रीनं. एकाच प्रिंटमधून मेंदूची पेशी एक तुकडा ठेवते, स्नायूची पेशी तोच गाळून दुसरा ठेवते. याला पर्यायी स्प्लायसिंग म्हणतात आणि माणसाच्या ९० टक्क्यांहून जास्त जीनमध्ये ते चालतं. घरात मटण शिजवल्यावर त्याच आळणी पाण्यातून तांबडा निघतो आणि पांढराही, तसंच म्हणा.

स्नायूत तर हे फारच चालतं. टायटिन नावाचं प्रोटीन आहे, माणसातलं सगळ्यात मोठं, स्नायूतली स्प्रिंगच ती. त्याच्या जीनमध्ये ३६३ एक्झॉन. हृदयात त्यातले बरेच गाळून आखूड, ताठ स्प्रिंग बनते आणि हातापायात लांब, लवचिक. खासबागेत पैलवान धोबीपछाड मारतो तेव्हा त्याच्या दंडातली स्प्रिंग आणि छातीतली स्प्रिंग एकाच जीनची, फक्त कापलेली वेगवेगळी. आणि ही कापणी ठरवणारं एक प्रोटीन बिघडलं तर हृदय फुगत जाऊन कमजोर होतं, टायटिनचा जीन स्वतः चांगला असूनसुद्धा.

तीनाचा पाढा

एवढी एक गोष्ट समजली की दोन्ही रिपोर्ट उलगडतात. पेशी आरएनए वाचते ती तीन तीन अक्षरांनी, आणि मध्ये कुठंही मोकळी जागा नसते. समजा ओळ अशी आहे:

सकाळी गणूनं म्हशीला पाण्यात सोडलं

मोजा, प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता गणूमधला फक्त 'ग' गेला, आणि वाचणारा मात्र तीन तीननंच वाचणार:

सकाळी णूनंम्ह शीलापा ण्यातसो डलं

गेलं एकच अक्षर, पण पुढचा अख्खा मजकूर नासला. डुशेनमध्ये बहुतेक वेळा हेच होतं, काही एक्झॉन नसतात आणि गेलेल्या अक्षरांची संख्या तीनानं भागली जात नाही. रिपोर्टवर त्यालाच 'आउट ऑफ फ्रेम' लिहितात. पुढं थोड्याच अंतरावर पेशीला थांबा म्हणणारी खोटी खूण लागते आणि साखळी अर्धवट राहते, दुसरा आकडाच नाही, म्हणून पेशी ती टाकून देते.

पण 'ग' गेलाच आहे तर त्याच्यामागचं 'णूनं' पण आपणच काढून टाकलं तर?

सकाळी म्हशीला पाण्यात सोडलं

कुणी सोडलं ते कळत नाही, पण म्हैस पाण्यात गेली. काम झालं. जास्त कापून अर्थ परत आला, एक्झॉन स्किपिंगचं औषध ते हेच.

८७१ अधिक २३३

पोराच्या रिपोर्टवर आहे, एक्झॉन ४५ ते ५० डिलिशन. या सहा तुकड्यांची अक्षरं १७६, १४८, १५०, १८६, १०२ आणि १०९. बेरीज ८७१. तीनानं भागा, एक उरतो. म्हणून वाचन बिघडलं. आता पुढचा एक्झॉन ५१, त्याची अक्षरं २३३. तोही गाळला तर ८७१ अधिक २३३ म्हणजे १,१०४. तीनानं भागा, बरोबर ३६८, बाकी शून्य.

मी हे फोनवर सांगत होतो आणि ती पलीकडं पोराच्या पाटीवर भागाकार करत होती. बाकी शून्य आली तेव्हा ती थोडा वेळ काही बोललीच नाही.

साखळीच्या मधल्या काही कड्या गेल्या तरी दोन्ही आकडे शाबूत राहतात, म्हणून ती आखूड साखळीसुद्धा झटका झेलते. हा नुसता अंदाज नाही, निसर्गात अशी माणसं आहेत, त्या सौम्य आजाराला बेकर म्हणतात. १९९० साली एका बेकर रुग्णाची नोंद झाली, त्याच्या जीनच्या कामाच्या मजकुरातला ४६ टक्के भागच नव्हता आणि तो ६१ व्या वर्षी चालत होता. उलट एकच एक्झॉन जाऊन डुशेन झालेली पोरं आहेत. किती गेलं यापेक्षा उरलेलं नीट वाचता येतंय का, हे आधी बघायचं.

"मग ते औषध घेतलं की बरा होणार ना?"

इथं मला तिला खोटं सांगता आलं नाही. एक्झॉन ५१ गाळायला लावणारं एटेप्लिरसेन २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते आरएनएच्या नेमक्या जागेवर पट्टीसारखं चिकटतं आणि कात्रीला तो एक्झॉन दिसतच नाही. साधारण १३ टक्के डुशेन पोरांना ५१ गाळणं लागू पडतं. ५३ आणि ४५ साठीही नंतर औषधं आली. पण स्नायूत औषध पोचतं फार कमी, एटेप्लिरसेननं डिस्ट्रॉफिन वाढलं ते नॉर्मलच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. अमेरिकेतली मंजुरी अटीवर, पुढं फायदा सिद्ध करा म्हणून दिलेली, आणि युरोपच्या औषध संस्थेनं २०१८ मध्ये ते नाकारलं. वर्षाचा खर्च कोटींत. औषध पेशीत जास्त पोचवायचे प्रयत्न चालू आहेत, माझी आशा त्यावर आहे.

आज हातात काय आहे तर स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट, त्यानं चालण्याची वर्षं वाढतात. हृदयाची आणि श्वासाची तपासणी ठरल्या वेळी. फिजिओथेरपीत ताण देणं. आणि तालीम, जोर, बैठका बिलकुल नाही, व्यायामानं ताकद येईल म्हणून कुणी या पोरांना पळवत असेल तर कृपा करून थांबवा, साखळी नसलेला स्नायू त्यानं लवकर फाटतो.

एसएमएचं औषध डुशेनला का चालत नाही

एसएमएमध्ये मूळ बिघाड पाठीच्या कण्यातल्या नसांत असतो, त्या मरतात म्हणून स्नायू सुकतात. त्या पोरांत एसएमएन-१ हा जीन नसतो किंवा बिघडलेला असतो. पण बहुतेक सगळ्यांकडं त्याची एक जोडप्रत आहे, एसएमएन-२, जवळपास तशीच. फक्त सातव्या एक्झॉनमध्ये एक अक्षर वेगळं, आणि तेवढ्यावरून कात्री सातवा एक्झॉन बहुतेक वेळा गाळून टाकते. दहातलं एखादंच प्रोटीन पूर्ण निघतं.

म्हणजे इथं गाळलेला तुकडा परत आणायचाय. अमेरिकेतल्या ॲड्रियन क्रेनर यांच्या कामातून उभं राहिलेलं नुसिनर्सेन हेच करतं, कात्रीला 'हा गाळ' असं सांगणारी खूण ते झाकून टाकतं. २०१६ च्या डिसेंबरात ते मंजूर झालं, पाठीच्या मणक्यातून द्यावं लागतं. रिसडिप्लाम तोंडानं घ्यायचं, २०२० चं, तेही कात्रीला सातवा एक्झॉन ठेवायला लावतं. ते डिस्ट्रॉफिनच्या ५१ व्या एक्झॉनला ओळखत नाही, म्हणून बहिणीच्या पोराला त्याचा उपयोग नाही.

स्वस्त म्हणजे किती तेही बघा. बाटलीत ६० मिलिग्रॅम, २० किलोच्या वरच्या रुग्णाला रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे बाटली १२ दिवस. महिन्याला अडीच बाटल्या, जवळपास ४० हजार, आणि ते जन्मभर, कारण ही औषधं प्रिंटवर काम करतात, निगेटिव्हला हात लावत नाहीत. रोज नवी प्रिंट निघणार, रोज ती सुधारावी लागणार. जीन बदलत नाही म्हणून औषधानं केलेला बदल पुढच्या पिढीत उतरत नाही. ज्याला १६ कोटींचं इंजेक्शन म्हणून आपण ओळखतो ते वेगळं, त्यात नवा जीनच आत सोडतात.

मूठ सुटत नाही तेव्हा

अजून एक आजार सांगतो, कारण त्यात जीनचा मजकूर नासत नाही, कात्री चालवणारेच अडकून पडतात. मायोटोनिक डिस्ट्रॉफी. माणूस हातात हात देतो आणि त्याची मूठ लवकर सुटत नाही, थंडीत जास्त. लहान वयात मोतीबिंदू, कपाळावरचे केस जाणं, हृदयाचे ठोके बिघडणं हे सोबत.

यात एका जीनच्या शेपटीला तीन अक्षरांचा एकच तुकडा परत परत येतो. चांगल्या माणसात ३७ पर्यंत, रुग्णात ५० पासून हजारोंपर्यंत. त्याची प्रिंट निघाली की गुंता होऊन बसते आणि कात्रीला दिशा दाखवणारी प्रोटीनं त्या गुंत्याला चिकटून राहतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सगळे पोलीस डोंगरावर गेले की शहरातल्या चौकांचं काय होतं, तसं. मग मोठ्या माणसाच्या स्नायूत काही प्रोटीनं तान्ह्या बाळाच्या पद्धतीनं कापली जातात. त्यातलं एक क्लोराइडची ये-जा करणारं दार, ते नीट बनलं नाही की स्नायू सैल व्हायला उशीर करतो. इन्शुलिन घेणारं दारही चुकीचं कापलं जातं म्हणून साखरेचा त्रास. एक गुंता आणि सगळ्या अंगभर लक्षणं. यांना ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाला आजार सांगणं फार गरजेचं असतं, भूल त्यांना जड जाऊ शकते.

काकांचा रिपोर्ट

आता काका. मेट हा पेशीच्या अंगावरचा अँटेना, बाहेरून इशारा आला की आत सांगतो, वाढा. काम झालं की त्याला मोडीत काढायचं असतं, आणि मोडीत काढा अशी चिठ्ठी जिथं लागते ती जागा नेमकी १४ व्या एक्झॉनमध्ये. कात्रीच्या खुणेजवळ डीएनएत बिघाड झाला की तो एक्झॉन गाळला जातो.

आणि आता तीनाचा पाढा लावा. एक्झॉन १४ मध्ये १४१ अक्षरं, भागिले तीन ४७, बाकी शून्य. वाचन अजिबात बिघडत नाही, अँटेना व्यवस्थित बनतो, फक्त चिठ्ठीची जागा नाही. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, इंजिन झकास आणि ब्रेक काढून घेतलेला. पेशी वाढतच जाते. बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. डिस्ट्रॉफिनमधून गाळतो त्या मधल्या कड्या, मेटमधून जातो तो ब्रेक. कात्रीला दोन्ही सारखेच.

फुफ्फुसाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण ३ टक्के रुग्णांत हा बदल सापडतो. कमी वाटतील, पण अशांसाठी कॅपमॅटिनिब, टेपोटिनिबसारख्या गोळ्या आहेत, त्या मेटलाच रोखतात. म्हणून बायोप्सी झाली की ही जीनची तपासणी झालीय का हे डॉक्टरांना विचारावं, त्यात संकोच करू नये.

स्नायूचा जीन कॅन्सरच्या पेशीत

मला सगळ्यात जास्त थक्क करणारा जीन पीकेएम. त्यातला एम म्हणजे मसल, स्नायू. साखरेतून ताकद काढायच्या शेवटच्या टप्प्यावर त्याचं प्रोटीन बसतं. मोठ्या माणसाच्या स्नायूत कात्री नववा एक्झॉन ठेवते आणि दहावा गाळते. गर्भात आणि बऱ्याच कॅन्सरमध्ये उलट, नववा गाळून दहावा. दोन्ही एक्झॉन १६७ अक्षरांचेच, एकाच्या जागी दुसरा चपखल बसतो. पण दहाव्यावाल्या प्रोटीनचा वेग कमीजास्त करता येतो, मग साखर पूर्ण जाळण्याऐवजी तिच्यातून नव्या पेशी बांधायचा माल काढता येतो. प्रत्येक कॅन्सरला हे लागतंच का यावर अजून वाद आहे.

असाच बीसीएल-एक्स. एका जागी कापला तर पेशीला मर म्हणतो, दुसऱ्या जागी कापला तर जग म्हणतो, आणि अनेक कॅन्सर जग म्हणणारी प्रत जास्त बनवतात. रक्ताच्या एमडीएस नावाच्या आजारात तर कात्रीचे स्वतःचेच भाग बिघडलेले असतात, २०११ मध्ये हे उघड झालं.

"मग कात्रीच बंद केली तर कॅन्सर मरेल की"

हा प्रश्नही तिनं विचारला, आणि तसे प्रयत्न झालेतही. पण तीच कात्री आपल्या प्रत्येक पेशीत आहे. कात्रीला रोखणाऱ्या एका औषधाच्या चाचणीत रुग्णांची नजर गेली म्हणून ती थांबवावी लागली. त्यामुळं आता शोध आहे तो फक्त एक चुकीचा जोड हेरणाऱ्या औषधांचा.

"हे माझ्याकडनं आलं का?"

हे तिनं सगळ्यात शेवटी विचारलं, हळू आवाजात, आणि मला वाटतं दीड तास ती तिथंच यायची वाट बघत होती. डिस्ट्रॉफिनचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलग्याला तो आईकडूनच मिळतो. पण साधारण तीनातल्या एका डुशेन पोरात बिघाड नव्यानंच झालेला असतो, आईच्या अंगात तो नसतोच. असला तरी ती त्याची धनी नाही, २२ लाख अक्षरांची नक्कल होताना कुठं काय निसटलं हे कुणाच्या हातात असतं. सासरी कुणी बोललं तर फोन माझ्याकडं द्यायचा, एवढं मी सांगितलं.

तपासणी मात्र करायची, कारण तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालंय आणि ही स्वतः वाहक असेल, म्हणजे आजार नसून बिघाड अंगात असेल, तर धाकटीलाही आधीच कळायला हवं. मुंबईचं केईएम हे सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं एक केंद्र आहे, तिथं जायचं ठरलंय. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढलीत, फाइलच्या वरच्या पानावर तिनं पेनानं १,१०४ लिहून खाली दोन रेघा मारल्यात. धाकटी पण सोबत येतेय.